घोडेस्वार अडखळतोय! स्टॅकॅटोच्या सरावासाठी सोपा तुकडा सुचवा

निवृत्त_टंकलेखक

नमस्कार मंडळी. विषय जरा आडवाटेचा आहे. चुकीच्या विभागात टाकला असेन तर संपादकांनी हलवावा.

मी नौपाड्यात राहतो. एकतीस वर्षं सरकारी कचेरीत काढली, आधी टंकलेखक, मग वरिष्ठ लिपिक. दोन वर्षांपूर्वी निवृत्त झालो आणि नातीला कीबोर्डच्या क्लासला सोडायचं काम माझ्याकडे आलं. बाहेर चपलांच्या ढिगाशेजारी तासभर बसून कंटाळलो, तेव्हा एक दिवस मॅडमना विचारलं, मला शिकवाल का? तेव्हापासून आत बसतो. नात आता माझ्या बरीच पुढे गेली आहे आणि ती हे चारचौघांत सांगते.

गेल्या महिन्यात मॅडमनी शूमान या संगीतकाराचा 'वाइल्ड हॉर्समन', म्हणजे आपला घोडेस्वार, दिला. सहा-आठचा ताल, ए मायनर, जेमतेम चोवीस बार, म्हणजे तालाचे खण. जवळजवळ प्रत्येक सुराच्या डोक्यावर नाहीतर पायाशी टिंब, म्हणजे सगळं स्टॅकॅटो, तुटक. मॅडम म्हणतात, "काका, तापलेल्या तव्याला बोट लागल्यासारखं करा. लागलं की उचला." मी उचलतो. तरी म्हणतात सूर चिकटतायत. घरी वाजवलं की मलाही तसंच ऐकू येतं, पावसाळ्यात उघड्या राहिलेल्या पापडासारखं, सादळलेलं. क्लासमधल्या कीबोर्डवर मात्र तेच बरं वाटतं.

तर तीन प्रश्न.
पहिला, घोडेस्वाराआधी वाजवावा असा सोपा तुकडा आहे का, ज्यात स्टॅकॅटोच शिकता येईल?
दुसरा, दोष माझ्या कीबोर्डचा की माझा? कीबोर्ड एकसष्ट पट्ट्यांचा आहे, नातीसाठी घेतलेला.
तिसरा, वीस मिनिटांनी उजवं मनगट दुखायला लागतं. वयाचा दोष म्हणू नका, ते घरातले म्हणतातच.

मामलेदारतर्री

काका, घोडबंदर रोडला राहायला या. इथे घोडेस्वार कितीही वाइल्ड असला तरी गायमुखला अडकतो. दोन फूट पुढे, ब्रेक. दोन फूट पुढे, ब्रेक. आपोआप स्टॅकॅटो.

खारघरची_मावशी

मामलेदार, :))

काका, मी एक्कावन्नाव्या वर्षी सुरुवात केली, त्यामुळे आधी तुम्हाला शाबासकी. आता तव्याबद्दल. हा तवा सगळ्या क्लासेसमध्ये फिरतो असं दिसतंय, मलाही तेच सांगितलं होतं. पण मी रोज पोळ्या करते हो. तव्याला खरंच बोट लागलं तर माणूस खांद्यापासून अख्खा हात झटकतो, आणि तोंडातून काय निघतं ते इथे लिहीत नाही. मी कीबोर्डवर तेच करत होते. हात वर उडायचा, खाली येईपर्यंत पुढचा सूर हुकलेला.

मला जमलं ते पोळी उलटताना. आपण कडेला बोटाच्या टोकानं उचलतो आणि उलटतो ना, तेव्हा भाजत नाही. कारण बोट तिथे जेवढ्यास तेवढंच असतं, हात घाबरलेला नसतो, मनगट सैल असतं. तेवढीच हालचाल. करून बघा. पोळ्या कधी केल्या नसतील तर आधी त्या करा, घरात किंमत वाढेल.

पेटीमास्तर

टिंबांचा विषय निघालाच आहे तर माझी फजिती सांगतो.

वीस वर्षं पेटी वाजवतोय, भजनाला आणि नाट्यगीतांना साथ करतो. लिपी येते ती भातखंड्यांची. पाच रेघांची पाश्चात्त्य लिपी पन्नाशीत शिकायला घेतली, तीही पुस्तकावरून, एकट्याने. पट्ट्यांची नावं कळली, मात्रा कळल्या, आणि मग एक छोटी धून समोर आली. काही सुरांवर टिंब, काहींच्या खाली टिंब. भातखंडे पद्धतीत वर टिंब म्हणजे तार सप्तक, खाली टिंब म्हणजे मंद्र. मग काय, मी इमानेइतबारे वर टिंब असलेला प्रत्येक सूर एक सप्तक वर आणि खाली टिंब असलेला एक सप्तक खाली वाजवला. तीन दिवस. हात कबड्डी खेळल्यासारखे इकडून तिकडे. मनात म्हणायचो, या गोऱ्यांची चाल भलतीच अवघड बुवा.

चौथ्या दिवशी भाचा आला. त्याने ऐकलं, पुस्तक बघितलं आणि जमिनीवर बसून हसला. ते टिंब तुटकपणाचं. सुराचा दांडा वर असेल तर टिंब खाली बसतं, दांडा खाली असेल तर वर. सप्तकाशी काडीचा संबंध नाही.

गांधर्व_मध्यमा

मास्तर, तुम्ही आमच्या बाजूला असता तर आणखी मजा झाली असती. पलुस्कर पद्धतीत डोक्यावर टिंब म्हणजे मंद्र, आणि तार सप्तकाला डोक्यावर उभी रेघ. पाश्चात्त्य लिपीत मात्र डोक्यावर उभी पाचर असली की सूर आणखी तुटक, स्टॅकॅटिसिमो. म्हणजे पलुस्करांचा विद्यार्थी तुमच्या बरोब्बर उलट दिशेला धावला असता.

पेटीमास्तर

म्हणजे दोघं शेजारी बसून वाजवलं असतं तर मधोमध डोकी आपटली असती.

बारा_डबा

थांबा, अजून एक टिंब राहिलं. सुराच्या शेजारी टिंब असलं की सूर दीडपट लांब. डोक्यावर असलं की साधारण निम्मा. एक टिंब वाढवतंय, एक कापतंय. आमच्या सोसायटीच्या मेंटेनन्स बिलाचं दशांश चिन्हही असंच फिरतं.

सानपाडा_सूर

मी गेली चौदा वर्षं पियानो आणि कीबोर्ड शिकवते. थोडं सविस्तर लिहिते, कारण या तव्यामुळे बिघडलेले हात माझ्याकडे येतात. (काकांच्या मॅडमवर टीका नाही. लहान मुलांना तवा पटकन कळतो, मीही वापरलाय.)

स्टॅकॅटो म्हणजे अलग केलेला. जोरात नव्हे, जलद नव्हे. विद्यार्थी या तिन्हींची खिचडी करतात. टिंब दिसलं की ठोकतात, आणि ठोकलं की पळतात.

पियानोत पट्टी खाली जाते जेमतेम एक सेंटिमीटर. ती दाबली की हातोडी तारेवर आपटते आणि त्याच वेळी तारेवरची लोकरी गादी, म्हणजे डॅम्पर, वर उचलली जाते. पट्टी सोडली की गादी खाली येते आणि आवाज थांबतो. सूर तुटतो तो पट्टी वर आल्यावर. तुमचा हात त्यानंतर छतापर्यंत गेला काय आणि तिथेच राहिला काय, तारेला फरक पडत नाही. म्हणून मी मारण्याबद्दल बोलतच नाही, सोडण्याबद्दल बोलते. बोट पट्टीवरून उचलूही नका. पट्टीलाच तुमचं बोट वर आणू द्या.

मावशींनी पोळीचं उदाहरण दिलंय ते मी उद्यापासून चोरणार आहे.

हालचाली ढोबळमानाने तीन. बोटाची, मनगटाची आणि कोपरापासून पुढच्या हाताची. जलद एकेरी सुरांना बोटं पुरतात. दोन-तीन सुरांच्या कॉर्डला, म्हणजे एकदम दाबलेल्या सुरांना, मनगट लागतं. भारदस्त, मोठ्या कॉर्डला पुढचा हात. घोडेस्वाराच्या सुरुवातीला उजव्या हाताचे सूर एकेरी आहेत, तिथे काका बहुतेक पूर्ण हात वापरतायत. मनगट त्यामुळेच दुखतंय अशी माझी शंका.

आता पहिल्या प्रश्नाचं उत्तर. हायडनच्या चौऱ्याण्णवाव्या सिंफनीतला दुसरा भाग घ्या, 'सरप्राइज' नावाने प्रसिद्ध आहे. 1792 साली लंडनमध्ये पहिल्यांदा वाजला. मूळ वाद्यवृंदाचा, पण पहिल्या-दुसऱ्या वर्षाच्या पुस्तकांत सोपा करून दिलेला सापडतो. चाल सरगममध्ये लिहिते म्हणजे मास्तरांचीही सोय:

सा सा ग ग, प प ग. म म रे रे, नि नि प.

दुसऱ्या ओळीतले नि आणि प मंद्रातले. मी टिंब दिलेलं नाही, भांडणं नकोत. सगळे सूर तुटक, फक्त ओळीच्या शेवटचे ग आणि प दुप्पट लांब.

हाच का? कारण तो हळू आवाजात आहे. हळू आणि तुटक एकदम करायला गेलं की ठोकाठोकी करताच येत नाही, हात आपोआप लहान होतो. पहिली ओळ हळू, पुन्हा तीच आणखी हळू, आणि मग सोळाव्या बारला सगळा वाद्यवृंद एक दणदणीत कॉर्ड वाजवतो. सरप्राइज ते हेच. ज्याने पंधरा बार हळू वाजवले त्यालाच ती गंमत करता येते.

ट्रान्सहार्बर

दुसऱ्या प्रश्नावर माझे दोन पैसे. पोटापाण्याला इलेक्ट्रॉनिक्स, हौसेला कीबोर्ड.

ताई म्हणतात तो डॅम्पर कीबोर्डमध्ये नसतो. पट्टी सोडल्यावर आवाज किती वेळात विरतो हे त्या त्या वाद्याच्या आवाजात आधीच भरलेलं असतं. पियानोचा आवाज लावला तर चटकन थांबतो. व्हायब्राफोन किंवा घंटांचा लावला तर रेंगाळतो. स्ट्रिंग्जचा लावला तर दुहेरी घोटाळा, तो चढतो सावकाश आणि उतरतोही सावकाश. इतका तोकडा सूर वाजवला की चढायच्या आतच संपतो, आणि खाली नुसती शेपूट उरते.

तर काका, चार गोष्टी बघा.
सस्टेन, म्हणजे पट्टी सोडल्यावरही सूर लांबवणारी सोय, चालू आहे का? बऱ्याच कीबोर्डवर त्याचं बटण किंवा सेटिंग असतं आणि एकदा लागलं की लक्षातही येत नाही.
ड्युअल किंवा लेयर चालू आहे का, म्हणजे एकाच पट्टीवर दोन आवाज?
रिव्हर्ब, म्हणजे आवाजाचा घुमारा, किती आहे? हॉलचा रिव्हर्ब जास्त असेल तर तुटक सुरांमधली पोकळी तोच भरून काढतो.
आणि पायाचा पेडल जोडलेला असेल तर काढा.

एक उलटं टोकही आहे. टच असलेल्या कीबोर्डमध्ये पट्टीखाली दोन संपर्कबिंदू असतात. पहिला लागल्यापासून दुसरा लागेपर्यंत किती वेळ गेला त्यावरून आवाजाचा जोर ठरतो. तव्याच्या भीतीने बोट अर्ध्यावरूनच परत आलं तर दुसरा बिंदू लागतच नाही आणि सूर उमटत नाही. काही सूर गायब होत असतील तर कीबोर्डला दोष देण्याआधी तळापर्यंत जाताय का ते बघा.

मामलेदारतर्री

एकंदरीत तळापर्यंत जा पण मुक्काम करू नका. तर्रीबद्दलही डॉक्टर हेच म्हणतात.

शुद्ध_स्वर

सगळं वाचलं. राग मानू नका, पण मुळात हे वाद्य आपलं नाही. मींड नाही, श्रुती नाहीत, दोन सुरांमध्ये काय आहे ते दाखवायची सोय नाही. आपल्या संगीतात सूर जोडायला शिकवतात, इथे तोडायला शिकवताय. काकांनी वय आणि वेळ गाण्यात घालवावा, समाधान मिळेल.

पेटीमास्तर

हाच युक्तिवाद करून 1940 साली आकाशवाणीने पेटीला बाहेर बसवलं होतं. तरी पेटी कीर्तनात होती, नाटकात होती, घराघरांत होती. गोविंदराव टेंब्यांनी पेटीवर नाव कमावलं ते काय सूर चिकटवून? पेटीवर तुटक वाजवायची मजा निराळीच. पट्टी सोडली की झडप बंद, आवाज कापल्यासारखा थांबतो. फक्त खर्जातले जाड रीड बोलायलाच वेळ घेतात, तिथे फार तोकडं वाजवलं तर नुसता हुंकार निघतो. आणि मला सांगा, खटका काय आहे? तान दाणेदार हवी म्हणतो तेव्हा दाणे सुटे असतात की चिकट?

शुद्ध_स्वर

दाणेदार तान आणि स्टॅकॅटो एक नव्हे. दाणे एका धाग्यात असतात.

पेटीमास्तर

हे मात्र मान्य. चांगलं बोललात.

हाडवैद्य_नव्हे

मी ठाण्यात फिजिओथेरपिस्ट आहे. काका, कीबोर्ड कशावर ठेवता?

निवृत्त_टंकलेखक

सगळ्यांचे आभार. एवढे प्रतिसाद येतील असं वाटलं नव्हतं, नातीला वाचून दाखवतोय.

ट्रान्सहार्बर, पडद्यावर दोन नावं दिसतात. एक पियानो आणि खाली बारीक अक्षरांत दुसरं काहीतरी. चष्मा लावून संध्याकाळी बघतो. नात म्हणते, "ते मीच लावलंय, छान वाटतं." पेडल नाही.

शुद्ध_स्वर, गाणं शिकायचा सल्ला चांगला आहे, पण माझ्या सौंची लेखी हरकत आहे.

हाडवैद्य, डायनिंग टेबलवर. खुर्चीही डायनिंगचीच.

आणखी एक कबुली. माझ्या कीबोर्डमध्ये तबल्याचे ठेके आहेत. घोडेस्वार सहाच्या पटीत आहे हे कळल्यावर मी खाली दादरा लावून पाहिला. मला तर बरं वाटलं. मॅडमना सांगितलेलं नाही.

हाडवैद्य_नव्हे

तुमचं दुखणं बहुतेक तिथेच आहे. डायनिंग टेबल साधारण पंचाहत्तर सेंटिमीटर उंच असतो. त्यावर कीबोर्डची जाडी. पियानोच्या पट्ट्या जमिनीपासून सुमारे बहात्तर-त्र्याहत्तरवर असतात, तुमच्या त्याहून बऱ्याच वर गेल्या. कोपर खाली, पट्ट्या वर. अशा वेळी एक तर खांदे उचलले जातात, नाहीतर मनगट मागे मोडतं. त्या अवस्थेत झटके देत वीस मिनिटं वाजवलं तर तिशीतल्या माणसाचंही दुखेल.

कीबोर्डचा घोडा मिळतो, एक्स आकाराचा, उंची कमीजास्त करता येते. तोवर खुर्चीवर कडक उशी घ्या. कोपर पट्ट्यांच्या पातळीला किंवा किंचित वर हवं. दुखायला लागलं की थांबा, "थोडं सहन करून" वाजवू नका. पाच-पाच मिनिटं दिवसातून चार वेळा, हे सलग वीसपेक्षा चांगलं. आणि बोटांना मुंग्या येत असतील, रात्री हात बधिर होत असेल तर धाग्यावर विचारू नका, डॉक्टरांना दाखवा. एकतीस वर्षं टायपिंग झालंय तुमचं.

बारा_डबा

घोडेस्वाराला घोडा घ्यायचा सल्ला मिळाला. धागा सार्थकी लागला.

चेंदणीचा_बेंजो

टायपिंगवरून आठवलं. कोणी अजून बेंजोचं नाव काढलं नाही याचं नवल वाटतं.

मी चेंदणी कोळीवाड्याचा. हळदीला, विसर्जनाला बेंजो पार्टीत वाजवायचो, आता कीबोर्डही वाजवतो. आम्ही ज्याला बेंजो म्हणतो तो म्हणजे बुलबुल तरंग, त्याच्या कळा टाइपरायटरसारख्या असतात. उगाच नाही. जपानमध्ये 1912 साली ताइशोगोतो नावाचं वाद्य निघालं, करणाऱ्याने टाइपरायटरच्या कळांवरूनच ती कल्पना घेतली. बुलबुल तरंग त्याच वंशातला. डाव्या हाताने कळ दाबायची, उजव्या हाताने तार छेडायची.

काका, तुम्ही जुन्या यंत्रावर टाइप केलंय का? हाताचं, विजेचं नव्हे?

निवृत्त_टंकलेखक

हो. मराठी चाळीसचं प्रमाणपत्र आहे, अजून फाइलमध्ये लावलेलं. साहेब "तातडीचं" म्हणाले की आमची खोली गिरणीसारखी वाजायची.

चेंदणीचा_बेंजो

मग तुम्हाला स्टॅकॅटो येतो. त्या यंत्रावर कळ दाबून धरली तर काय व्हायचं?

निवृत्त_टंकलेखक

पुढच्या अक्षराचा दांडा येऊन पहिल्यात अडकायचा. बोटांनी सोडवायला लागायचे, बोटं काळी. म्हणून कळ टिचकीसारखी मारायची आणि लगेच मोकळी करायची. शिकवणारे गुरुजी पट्टी घेऊन मागे उभे असत.

अरे. हे माझ्या लक्षातच आलं नव्हतं.

सानपाडा_सूर

बेंजोदादा, मस्त. पण इथे एक धोका आहे, म्हणून मधे पडते. टाइपरायटरवर कार्बन लावून चार प्रती काढायच्या तर जोरात मारावंच लागायचं. तो जोर काकांच्या हातात मुरलेला असणार. सोडण्याची सवय तिथून घ्या, मारण्याची तिथेच ठेवा. आणि टाइप करताना सगळी अक्षरं एकसारखी उमटावी लागतात. घोडेस्वारात मात्र सहाच्या पहिल्या आणि चौथ्या सुरावर किंचित वजन, बाकीचे हलके. टापा एकसारख्या पडल्या तर घोडा पळत नाही, कवायत करतो.

दादऱ्याबद्दल: सरावाला लावा. मॅडमना मी सांगणार नाही.

ग्रेड_पाचवी

मी बारावीत आहे, वाशीला शिकते. माझ्या मते काकांनी कबालेव्स्की वाजवावा. त्याच्या ओपस 39 मध्ये (ओपस म्हणजे रचनांचा क्रमांक) 'क्लाउन्स' आहे, एका पानाचा, डाव्या हातात तुटक सूर आणि उजव्या हातात विदूषकाच्या उड्या. ग एकदा शुद्ध, लगेच कोमल, पुन्हा शुद्ध, त्यामुळे रडतोय की हसतोय कळत नाही. नाहीतर ओपस 27 मधली 'टोकाटिना', तिच्यात उजव्या हाताला तुटक कॉर्ड आणि खाली डाव्या हातात चाल. मला दोन्ही फार आवडतात.

सानपाडा_सूर

'क्लाउन्स' नंतर कधीतरी, जरूर. 'टोकाटिना' आत्ता नको गं. उजव्या हाताला सतत तीन-तीन सुरांच्या कॉर्ड आहेत, त्या मनगटातून येतात आणि काकांचं मनगट सध्या रजेवर आहे. तीच गोष्ट बुर्गम्युलरच्या ओपस 100 मधल्या 'बॅलड'ची. तुकडा सुंदर, पण तुटक कॉर्डच कॉर्ड.

त्यापेक्षा बाखची बायको ॲना माग्डालेना, तिच्या वहीतला जी मेजरचा मिन्युएट काकांना येत असेलच, तो सगळ्यांना येतो. बाखचा म्हणून शिकवतात, आहे पेटझोल्डचा. त्यातले छोटे सूर जोडून आणि मोठे सूर अलग वाजवायची पद्धत आहे. अलग म्हणजे टिंबाइतके तोकडे नव्हेत, नुसती फट. तोडणं आणि जोडणं एकाच ओळीत आलं की कान तयार होतो. शुद्ध_स्वर यांचंही समाधान होईल.

शुद्ध_स्वर

वाचतोय. काही म्हणालो नाही.

खारघरची_मावशी

अवांतर: तुम्हा लोकांच्या खालच्या मजल्यावरचे तक्रार करत नाहीत का? मी रात्री हेडफोन लावून वाजवते, म्हणजे आवाज शून्य. तरी खालच्या वहिनी विचारायला आल्या, "रात्री अकरा वाजता काय कुटता हो? खलबत्ता?" पट्ट्या तळाला आपटतात त्याचा ठकठक आवाज स्टँडमधून जमिनीत जातो म्हणे. स्टँडखाली जुनी योगाची चटई दुमडून घातली तेव्हा कमी झाला.

ट्रान्सहार्बर

मावशी, हीच फुकटची चाचणी आहे. कीबोर्ड बंद करून वाजवा. जेवढी ठकठक ऐकू येईल तेवढा जोर वाया चाललाय. चांगला स्टॅकॅटो बंद कीबोर्डवर जवळजवळ ऐकूच येत नाही. माझ्या शिक्षकांनी एक आख्खा तास माझ्याकडून असा बंद कीबोर्ड वाजवून घेतला होता आणि फी पूर्ण घेतली होती.

मामलेदारतर्री

बंद कीबोर्ड वाजवून पूर्ण फी! कुठे आहे हा क्लास, मला शिक्षक व्हायचंय.

निवृत्त_टंकलेखक

बारा दिवसांनी लिहितोय, उशिराबद्दल क्षमस्व. मधे गावी जाऊन आलो.

अहवाल असा.

पियानोखाली दुसरं नाव होतं ते स्ट्रिंग्जचं. शिवाय सस्टेन चालू. ते कोणी लावलं याची चौकशी केली, नात तेव्हा पाणी प्यायला गेली. दोन्ही बंद केलं, रिव्हर्बही कमी केला. घरच्या कीबोर्डचा सादळलेपणा एका मिनिटात गेला. मग खुशीत घोडेस्वार वाजवला आणि फार वाईट वाटलं, कारण आता माझ्या सगळ्या चुका लख्ख ऐकू येतात. स्ट्रिंग्जनी इतके दिवस माझी लाज राखली होती.

एक्सचा घोडा आणला. उंची खुर्चीप्रमाणे लावली. मनगट पहिल्या दोन दिवसांतच बरंच शांत झालं, आता पाच-पाच मिनिटंच वाजवतो. मुंग्या वगैरे काही नाहीत.

घोडेस्वार कपाटात ठेवला आणि सा सा ग ग प प ग घेतलं. सानपाडाताई, तुम्ही हळू म्हणालात ते फार कठीण आहे हो. पहिले चार दिवस एक तर सूर उमटायचेच नाहीत, नाहीतर ठोकले जायचे. मग बंद कीबोर्डचा प्रयोग केला. आतल्या खोलीतून सौ म्हणाली, "आज वाजवत नाही का?" तेव्हा जमतंय असं वाटलं. सोळाव्या बारची कॉर्ड काल नातीसमोर वाजवली. ती मोबाइल बघत होती, दचकून मोबाइल खाली पडला. काच शाबूत आहे. हायडनसाहेबांना सव्वादोनशे वर्षांनी नौपाड्यात यश आलं म्हणायचं.

परवा क्लासमध्ये मॅडमना न सांगता घोडेस्वाराच्या पहिल्या आठ बारांना हात घातला, सावकाश. त्या म्हणाल्या, "काका, तवा जमला!" मी गप्प बसलो. पोळीचं सांगायचं की नाही ते मावशींनी ठरवावं.

खारघरची_मावशी

नका सांगू. त्यांचा तवा, माझी पोळी, चालू द्या. :)

बारा_डबा

मोबाइलची काच शाबूत म्हणजे सोळाव्या बारला अजून जोर हवा.

निवृत्त_टंकलेखक

आता एकच शंका. घोडेस्वाराच्या मधल्या भागात, एफ मेजर लागतो तिथे, चाल डाव्या हातात जाते आणि उजव्याला कॉर्ड. माझा डावा हात उजव्याच्या दोन वर्षं मागे आहे. टायपिंगला दोन्ही हात सारखेच चालायचे, इथे का अडतं कळत नाही. यासाठी नवा धागा काढू का?

चेंदणीचा_बेंजो

कशाला नवा? इथेच विचारा. आधी सांगा, डाव्या हाताचं पहिलं बोट कुठल्या पट्टीवर ठेवता?

निवृत्त_टंकलेखक

थांबा, नात उठली की बघून सांगतो. कीबोर्ड तिच्या खोलीत आहे.